हाली सिक्का : झीज आणि जखम

आमच्या दादीच्या गळ्यात हमेल होती. काळ्या गोफात ओवलेले अकरा रुपये, प्रत्येकाच्या माथ्यावर चांदीची कडी डाखलेली. ईदेला आणि लग्नकार्याला ती बाहेर निघायची. एरवी पेटीच्या तळाशी, कपड्यांच्या घड्यांखाली असायची. दादी गेल्यावर ती अब्बांकडे आली आणि अब्बांच्या पश्चात आमच्याकडे. पुढे लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. बीडच्या माणसाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही. घरात बहिणीचे लग्न ठरलेले होते. हमेल मोडायचे ठरले.

काळी पडलेली चांदी सराफापुढे टाकली तर तो भाव पाडील, या भीतीने आदल्या रात्री आम्ही चिंचेच्या कोळात राख कालवली आणि अकराही रुपये घासून लख्ख केले. सकाळी ते असे चमकत होते की जणू कालच टाकसाळीतून आले. सराफ जुना, अब्बांना ओळखणारा. त्याने कड्या ओढून पाहिल्या, डाखाची तूट सांगितली, वजन केले. मग एक रुपया भिंगाखाली धरून बाजूला ठेवला. "भाई, हा एक चांदीच्या भावात देऊ नका. औरंगाबादला कुणा जाणकाराला दाखवून या," तो म्हणाला.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नाण्यांचा नाद असलेले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी रुपया उजेडात तिरपा धरला, बराच वेळ पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हा घासला कुणी?"

आम्ही मान खाली घातली. त्या प्रश्नापासून पुढे आम्ही नाण्यांविषयी जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते या लेखात मांडत आहोत. कारण अशा हमेली, असे ताईत, इमामजामिनाच्या कापडात बांधलेले असे रुपये केवळ आमच्याच घरात नाहीत. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत ते आहेत, आणि दर दुष्काळाला त्यांतले काही सराफाच्या मुशीत जातात.

*

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याला स्वतःचे चलन होते. १८५७ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या मुघल बादशहाचे नाव असे. बहादूरशहा जफर यांची बादशाही संपली आणि नाण्यावरचे नावही बदलले. त्या जागी 'निजामुल्मुल्क आसफजाह बहादूर' आले. या चलनाला लोक 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे आजचे, चालू. इंग्रजांचा रुपया यंत्राने, म्हणजे कळीने पाडलेला, म्हणून तो 'कलदार'. आमच्या घरातली म्हातारी माणसे शेवटपर्यंत याच दोन शब्दांत हिशेब करीत असत.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, १९०३-०४ च्या सुमारास, यंत्रावर पाडलेला चारमिनारचा रुपया आला. त्याचे वजन ११.१७८ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८१.८. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. त्या काळच्या कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी शेकडा ९१.६७, शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. आता सात हाली रुपयांतली चांदी मोजा आणि सहा कलदारांतली मोजा. दोन्हीकडे चौसष्ट ग्रॅमच भरते. १९५० मध्ये भारतीय रुपया संस्थानात चालू झाला तेव्हा सात हालींना सहा रुपये हाच दर धरला गेला. ज्यांना वाटे की नव्या राजवटीने आपल्या रुपयाची किंमत कमी केली, त्यांना हा हिशेब ठाऊक नसावा. जुन्या चांदीतच तो दर दडलेला होता. १९५१ नंतर नवे हाली नाणे निघाले नाही आणि १९५९ मध्ये ते चलनातून कायमचे रद्द झाले.

या रुपयावर दोन खुणा आहेत, ज्या वाचता आल्या पाहिजेत. पहिली म्हणजे ९२ हा आकडा. अबजद पद्धतीने मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४० आणि दालचे ४. बेरीज ९२, म्हणजे 'मुहम्मद' हे नाव. दुसरी खूण चारमिनारच्या कमानीत आहे. महबूब अली खान यांच्या रुपयावर त्या कमानीत 'मीम' हे अक्षर आहे. १९११ मध्ये, हिजरी १३२९ साली, मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि कमानीत 'ऐन' आले. पहिल्या एक-दोन वर्षांच्या नाण्यांत हे ऐन अपूर्ण आहे, नुसता त्याचा माथा; पुढे शेपटीसह पूर्ण ऐन आले. अपूर्ण ऐनाचे नाणे संग्राहक अधिक शोधतात.

आमच्या बाजूला ठेवलेल्या रुपयावर साल १३३० होते. याच साली दोन्ही प्रकार निघाले. कमानीत ऐन होते. पण त्याला शेपटी होती की नव्हती हे आता सांगता येत नव्हते. वर्षानुवर्षांच्या वापराने तो भाग आधीच पातळ झाला होता, आणि उरलीसुरली रेषा आमच्या राखेने नेली होती.

*

शिक्षकांनी आम्हाला पहिला धडा दिला तो असा : झीज वेगळी आणि जखम वेगळी.

नाणे हातातून हातात जाते, बटव्यात इतर नाण्यांवर घासते. त्याचे उंचवटे हळूहळू बसतात. ही झीज. ती सगळ्या नाण्यांना सारख्या रीतीने येते. म्हणून ती मोजता येते. आधी सर्वांत उंच भाग सपाट होतो, मग अक्षरांच्या कडा बोथट होतात, शेवटी अक्षर पृष्ठभागात विरघळून जाते. संग्राहक याच क्रमाने नाण्याची प्रत ठरवतात. न वापरलेले नाणे सर्वांत वर, मग 'एक्स्ट्रीमली फाइन', 'व्हेरी फाइन', 'फाइन' असे खाली उतरत जायचे. १९४९ मध्ये अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० असा मापदंड बसवला. आज जगभर नाण्यांची पारख करणाऱ्या कंपन्या त्याच आकड्यांत प्रत सांगतात.

जखम या शिडीवर बसत नाही. भोक, ओरखडा, कडेला बसलेला ठोका, वाक, डाख, कडी काढल्याची खूण, रेतीने किंवा ब्रशाने केलेली सफाई, ॲसिडचा डाग या गोष्टी एका क्षणात घडतात आणि कोणत्याही क्रमाने घडतात. नाण्यावरचे प्रत्येक अक्षर सुबक असूनही मधोमध भोक असू शकते. म्हणून पारखी अशा नाण्याला आकडा देत नाहीत. अक्षरांची स्थिती सांगतात आणि पुढे दोष लिहितात : 'भोक आहे', 'घासलेले आहे', 'कडी काढली आहे'. एवढ्या शब्दांनी किंमत घसरते.

किती घसरते, हे नाण्याच्या दुर्मिळतेवर ठरते. ज्या सालचे रुपये लाखांनी पाडले गेले, त्याला भोक असेल तर संग्राहक ते घेतच नाही. त्याला बिनभोकाचे दुसरे सहज मिळते. असे नाणे मग चांदीच्या भावाला येते. जे नाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहे, ते भोकासह घेणारा भेटतो, कारण त्याला दुसरे मिळणार नसते. एकच भोक एका नाण्याला मोडीत घालते आणि दुसऱ्याची किंमत केवळ कमी करते.

इथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. टाकसाळीत राहिलेली खोट म्हणजे जखम नव्हे. मुघल रुपये हातोड्याने पाडत. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, म्हणून बहुतेक नाण्यांवर मजकुराचा एखादा भाग बाहेरच राहून जातो. औरंगाबाद टाकसाळीच्या आलमगिरी रुपयावर 'खुजिस्ता बुनियाद' हे नाव पुरते उमटले असेल तर ते नाणे मोलाचे. अर्धेच उमटले असेल तर किंमत कमी होते, पण त्याला कोणी जखमी म्हणत नाही.

*

आता आमच्या राखेकडे वळू. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. आपण त्याला मळ समजतो. वास्तविक तो थर पातळ असतो, सगळीकडे सारखा बसलेला असतो आणि खालच्या चांदीला फारसे काही करीत नाही. शिवाय ठशाच्या दाबाने चांदी वाहते तेव्हा पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नव्या नाण्याची चमक त्या रेषांवरून परतणाऱ्या उजेडाची असते. राख, वाळू, दंतमंजन, लिंबू यांनी घासले की थराबरोबर त्या रेषाही जातात. मग उरते ती भांड्याची चमक. भिंगाखाली एकमेकींना छेदणारे हजारो बारीक ओरखडे दिसतात. जाणकाराची नजर एका क्षणात ते ओळखते. आणि एकदा गेलेला पृष्ठभाग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

भाव वाढावा म्हणून आम्ही जे केले, त्यानेच भाव गेला. सराफाला त्या चमकेशी देणेघेणे नव्हते. तो काळी चांदीही तितक्याच भावाने घेणार होता, कारण त्याला ती वितळवायचीच होती.

*

नाण्याला जखमा करणारे आम्ही काही पहिले नव्हे. पूर्वी चांदीची पारख करणे हाच सराफाचा धंदा होता. रुपया हातात आला की खरा आहे की आत तांबे आहे हे पाहायला तो छिन्नीने किंवा लहान ठशाने कडेला खूण मारी. एकाने मारली, दुसऱ्या शहरात दुसऱ्याने मारली. मुघल रुपयांवर आणि कंपनीच्या रुपयांवर अशा खुणांची गर्दी दिसते. प्रत्येक खुणेगणिक चांदीचा कण जाई, आणि त्याचा बट्टा धारकाला बसे.

मुघल बाजारात चालू सालच्या ताज्या रुपयाला 'सिक्का' म्हणत. आधीच्या सालच्या रुपयाला 'चलनी'. आणि मागच्या बादशहाच्या काळातल्या रुपयाला 'खजाना'. जुने तितके झिजलेले असे धरून त्यावर अधिक बट्टा कापत. बीडच्या माणसाला खजाना म्हटले की निजामशाहीत सलाबतखानाने बांधवलेली खजाना विहीर आठवते. सराफाच्या तोंडी मात्र खजाना म्हणजे बट्टा लागणारा जुना रुपया. आज बाजार बरोबर उलटा झाला आहे. जे जुने ते मोलाचे. पण त्यावरची सराफाची खूण आजही बट्टाच मानली जाते.

या छिन्नीचा एक पैलू आपल्या वाचकांना विशेष जाणवेल. शहाजहानच्या रुपयावर कलमा असे, आणि सराफाची छिन्नी कलम्याच्या अक्षरांवरही पडे. औरंगजेबाने गादीवर आल्यावर नाण्यावरून कलमा काढून टाकला. नाणे कोणाच्याही हातात जाते, पायाखाली येते, त्याने पवित्र शब्दांची विटंबना होते, हे कारण त्याच्या काळच्या इतिहासात नोंदलेले आहे. हैदराबादच्या रुपयावर नावाऐवजी ९२ हा आकडा आला, त्यामागेही असाच अदब असावा असे आम्हाला वाटते. आकड्याला छिन्नी लागली तरी नावाला लागत नाही.

मुसलमानांत चालू असलेले नाणे कारणाशिवाय मोडू नये, अशा आशयाची एक रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आहे. तिची सनद मुहद्दिसीन कमजोर मानतात. तरी भाष्यकारांनी तिची जी कारणे दिली ती विचार करण्यासारखी आहेत : नाण्यावर अल्लाहचे नाव असते, मोडण्यात मालाची नासाडी होते, आणि लोक नाण्याच्या कडा कातरून चांदी चोरत. कडा कातरलेले नाणे पूर्ण भावाने चालवणे म्हणजे मापात पाप, आणि मापात पाप करणाऱ्यांविषयी कुरआनात एक सबंध सूरह आहे. यंत्राचे रुपये आले तेव्हा कडेला बारीक दाते पाडू लागले, ते याच चोरीला आळा घालण्यासाठी. कडा कातरली की दाते तुटतात आणि चोरी दिसते.

*

नाण्याची किंमत धातूत असते की त्यावरच्या अक्षरात, हा प्रश्न विचारणाऱ्या एका सुलतानाचे नाव बीडशी जोडलेले आहे. मुहम्मद बिन तुघलक वरंगळकडून परतताना बीडजवळ आला, त्याचा एक दात पडला आणि त्याने तो समारंभाने दफन करून त्यावर घुमट बांधवला, असे फरिश्ताने लिहिले आहे. फरिश्ता अहमदनगरच्या निजामशाही दरबारात वाढलेला. हा मुलूख त्याला परका नव्हता. बीड तालुक्यात करजणीजवळ तो घुमट आजही दाखवतात.

दाताची गोष्ट सगळे हसून सांगतात. त्याच सुलतानाचा पितळी आणि तांब्याचा टंका मात्र नीट समजून घेण्याची गोष्ट आहे. हिजरी ७३० मध्ये, म्हणजे १३२९-३० साली, त्याने हलक्या धातूची नाणी चांदीच्या टंक्याच्या किमतीने चालवण्याचे फर्मान काढले. दिल्लीबरोबर दौलताबादच्या टाकसाळीतही ती पाडली गेली. नाण्यावर सुलतानाच्या आज्ञापालनाचा उपदेश कोरलेला होता. म्हणजे धातू कोणताही असो, किंमत आमच्या अक्षराची आहे, असेच सुलतान सांगत होता. पण ते अक्षर कोणत्याही तांबटाला कोरता येत होते. घरोघर टाकसाळी निघाल्या असे बरनी लिहितो. तीनेक वर्षांत प्रयोग गुंडाळावा लागला. खजिन्याने ही नाणी सोन्याचांदीच्या बदल्यात परत घेतली, आणि तुघलकाबादेत तांब्याच्या नाण्यांचे डोंगर साचले.

आज हा टंका संग्राहक विकत घेतो तेव्हा तांब्यापितळेचे पैसे देत नाही, अक्षराचे देतो. टाकसाळीचे नाव वाचता येते का, साल दिसते का, यावर किंमत ठरते. सुलतानाने रयतेकडे जे मागितले आणि रयतेने दिले नाही, ते आज नाण्यांचा बाजार राजीखुशीने देतो. म्हणून हलक्या धातूच्या नाण्याला जखम अधिक भारी पडते. चांदीच्या रुपयाचे अक्षर गेले तरी चांदी उरते. तुघलकाच्या टंक्याचे अक्षर गेले की मागे चिमूटभर तांबे राहते.

अशा नाण्यांना जमीनही खाते. मातीतला क्षार आणि ओल यांनी तांब्यावर हिरवा थर येतो. तो घट्ट, गुळगुळीत असेल तर नाण्याचे रक्षण करतो. तो भुकटीसारखा, फिकट हिरवा आणि वाढत जाणारा असेल तर तो रोग समजावा. तो नाणे आतून पोखरतो, आणि शेजारी ठेवलेल्या नाण्यांनाही तीच ओल आणि तोच क्षार मिळाला की त्यांचीही तीच गत होते. नांगराला लागलेले निजामशाही फलूस असोत की शिवराई, ती लिंबाने चकचकीत केली की थराबरोबर अक्षरही निघून येते.

*

पुन्हा आमच्या हमेलीकडे येऊ. शिक्षकांनी रुपया परत दिला तेव्हा उरलेल्या दहांवरूनही नजर फिरवली. दोन रुपये कडेला चेपलेले होते आणि किंचित वाकलेले. "हे दोन तर गेलेच," ते म्हणाले. आम्हीही तसेच समजलो.

घरी आल्यावर फुफूला सांगितले. ती त्या वेळी सत्तरीच्या पुढे होती. तिने ते दोन रुपये हातात घेतले आणि विचारले, "कुदळीचे ना?" मग तिने जे सांगितले ते आम्ही तोवर कधी ऐकले नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा दादीने हमेल एका मडक्यात घालून चुलीमागे पुरली आणि मुलांना घेऊन रातोरात माहेरच्या गावी गेली. काही महिन्यांनी परतल्यावर घर उघडे पडलेले होते, भांडीकुंडी गेलेली होती. दादांनी चुलीमागची जमीन उकरली. पहिल्याच घावाला मडके फुटले आणि कुदळ दोन रुपयांना लागली.

त्या दिवसांविषयी आपल्याकडे मोठी माणसे फार बोलली नाहीत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. तो पुढे कित्येक दशके लोकांना वाचायला मिळाला नाही. बीडचेही नाव त्या अहवालात आहे. आमच्या घराचे नाव मात्र कोणत्याच कागदात नाही. आमच्याकडे त्या वर्षाचा पुरावा म्हणून जे काही आहे, ते दोन रुपयांच्या चेपलेल्या कडांवर आहे. आमच्या शेजारच्या घरानेच त्या रात्री दादीला बैलगाडी दिली होती, हेही फुफूने त्याच बैठकीत सांगितले. तेही कोठे लिहिलेले नाही.

हे ऐकल्यावर जखमेकडे पाहण्याची आमची नजर बदलली. बाजाराचा नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. अखंड नाण्याला अधिक दाम मिळावा हे रास्तच आहे. पण बाजारालाही जखम वाचता येते. चीनमधल्या व्यापाऱ्यांनी स्पॅनिश-अमेरिकन डॉलरांवर आपापल्या पारखीचे ठसे मारले. एके काळी ती नाणी ठसे मारून विद्रूप झालेली मानत. आज त्या ठशांचाच संग्रह करणारे लोक आहेत, कारण डॉलर कोणाकोणाच्या हातांतून गेला हे त्यांवरून कळते. हमेलीची कडीही असेच काही सांगते. हा रुपया कोणा स्त्रीचा होता, बाजारात न जाता तिच्या गळ्यात राहिला, आणि अडीअडचणीला तोच तिची बँक होता. मेहेरचा रुपया निकाहनाम्यात 'सिक्का-ए-राइजुल-वक्त' म्हणून लिहिला जातो, म्हणजे त्या वेळी चालू असलेले नाणे. हाली नाणे चलनातून गेले तरी स्त्रियांच्या गळ्यात ते चालूच राहिले.

फरक एवढाच, की जखमेमागची हकिकत माहीत असेल तरच ती बोलते. फुफूने सांगितले नसते तर ते दोन रुपये चेपलेलेच राहिले असते.

*

वाचकांच्या घरी असे काही असेल तर आमच्या चुकीतून पुढील गोष्टी घ्याव्यात.

नाणे घासू नये. राखेने नको, दंतमंजनाने नको, लिंबाने तर नकोच. फार माती असेल तर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावे आणि मऊ कापडावर टिपून सुकवावे. हातात घेताना कडेने धरावे. बोटांच्या घामाचा ठसा चांदीवर काही दिवसांत काळा उमटतो. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये. ते प्लास्टिक कालांतराने चिकट आम्ल सोडते आणि नाणे हिरवे पडते. साधा कागद आणि कोरडी जागा पुरते. कडी असेल तर ती तोडू नये, आणि भोक बुजवून घेऊ नये. बुजवलेले भोक भिंगाखाली दिसतेच. वर फसवणुकीचा संशयही येतो. जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते गुपचूप वाटून घेतले की कोणत्या मडक्यात कोणती नाणी एकत्र होती ही माहिती कायमची जाते, आणि इतिहासाला नाण्यापेक्षा ती माहिती अधिक लागते.

आणि मोडायची वेळ आलीच, तर मोडण्याआधी लिहून ठेवावे. विकणे हा गुन्हा नाही. ऊसतोडीला सहा महिने घर सोडून जाणाऱ्या जिल्ह्यात कोणी कोणाला दागिना विकू नको असे सांगू नये. पण साल, वजन, अक्षर, कडी आहे की भोक, कोणाचे होते आणि कसे आले, एवढे वहीच्या एका पानावर बसते.

आम्ही ते केले नाही. बहिणीचे लग्न झाले. आठ रुपये सराफाच्या मुशीत गेले, आणि त्यांच्यावर कोणती साले होती, कमानीत मीम होते की ऐन, हे आज आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही. तीन उरले. ते आता कोऱ्या कागदात गुंडाळून त्याच पेटीत आहेत, आणि प्रत्येकासोबत आमच्या हातची एक चिठ्ठी आहे, मराठीत आणि उर्दूत. दोन चिठ्ठ्यांवर लिहिले आहे : 'हाली रुपया. दादीच्या हमेलीतला. कुदळीचा घाव, १९४८.' तिसरीवर : 'हाली रुपया, हिजरी १३३०. ऐन पूर्ण की अपूर्ण, सांगता येत नाही. आम्ही घासला.'